केळ का वाळली

"मग केळ का वाळली?"

भागीमायने दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा सबनीस सरांच्या मनात आलं: दीक्षा हुकली बहुतेक.

उद्या सकाळी त्यांना दीक्षा मिळायची होती. उभा जन्म कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेले सर पावसाळा संपता संपता या डोंगरउतारावरच्या मठात आले. मठ चालवणाऱ्या मायने त्यांना एकच काम दिलं. संडास धुण्याचं. ते त्यांनी जीव ओतून केलं. पाय ठेवायला संकोच वाटावा, अशा फरश्या लखलखत होत्या.

आणि आज मठामागे नाक दाबून उभं राहावं लागत होतं. सांडपाणी जिरवणाऱ्या शोषखड्ड्याकाठची केळ पिवळी पडून मान टाकून बसली होती.

"माय, माझ्या कामात कसूर नाही. म्हणजे... मला तरी दिसत नाही."

"रोज काय ओततोस?"

"ॲसिड. वर फिनेल. एक जंतू शिल्लक ठेवत नाही."

मायने संडासामागच्या मैल्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "टाकीचं झाकण सरकव आणि मागे हो. वाकू नकोस, आतली हवा वाईट असते."

सरांनी झाकण सरकवलं, उपरणं नाकाशी धरलं आणि लांबून पाहिलं. आत जे गेलं होतं ते तसंच पडून होतं. विरलं नव्हतं, बसलं नव्हतं.

"पूर्वी जड ते तळाला बसायचं," माय म्हणाली. "हलकं वर तरंगायचं. मधलं निवळ पाणी पलीकडच्या खड्ड्यात जायचं, तिथून केळीच्या मुळाशी."

"आणि तळाचं?"

"त्याला खाणारे होते. डोळ्यांना न दिसणारे. तुझ्या ॲसिडने ते मेले."

"मी तर सगळं स्वच्छ ठेवलं, माय."

"म्हणून तर घाण राहिली."

सरांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी न बघताच तो बंद केला.

"मुलगा ना?"

"हो. कौस्तुभ."

त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा कौस्तुभ आज निघतो, उद्या निघतो करत राहिला होता. आला तो थेट स्मशानात. त्यानंतर सर त्याच्याशी बोलले नव्हते.

"उचलत का नाहीस?"

"राग उसळतो. मी त्याला वर येऊच देत नाही. आला की नामस्मरण, आला की नामस्मरण. आता मन कसं अगदी..."

पुढचा शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक टाकीवरून आली आणि सर गप्प झाले.

माय गोठ्यात गेली. बादलीभर शेणकाला कालवून आणला आणि हात लांब करून टाकीत ओतला.

"घाणीत आणखी शेण?"

"शेणात ते खाणारे असतात. नवी टाकी यानेच चालू करतात. आता ॲसिड बंद. झाकण लाव आणि तिला तिचं काम करू दे."

"पण ती सुधारतेय हे कळणार कसं? मी रोज उघडून..."

"उघडून काय कळणार? केळ सांगेल."

सरांनी झाकण जागेवर बसवलं. नळावर ते कितीतरी वेळ हात धूत राहिले. मग परत येऊन, विचारू की नको अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"आणि... उद्याची दीक्षा?"

माय बादली विसळत होती. केळीकडे तिची पाठ होती. नजर सरांच्या खिशावर.

"आधी तुझी केळ बघून ये."