हसा म्हणायचं नाही

“विचारायचं कशाला तिला? ती काय नाही म्हणणार आहे?”

हे आत्याबाई म्हणाल्या. स्वयंपाकघरात, खसखशीवर अनारसे थापता थापता. मी बाहेर दोरीवरचे कपडे काढत होते आणि खिडकी उघडी होती. ते माझ्यासाठी नव्हतं. पण माझ्याविषयी होतं, म्हणून ऐकलं.

“अहो वन्सं, पण तिचा आहे तो कॅमेरा,” आई म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

“तिचा म्हणजे घरातलाच की! जावईबापू काय म्हणाले मागच्या खेपेला? ‘कॅमेरा छान आहे.’ धोंड्याच्या महिन्यात जावयानं छान म्हटलेली वस्तू घरात ठेवून घेतात होय? रविवारी वाणाच्या ताटात ठेवू. शोभून दिसेल.”

आई पुढं काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत. मीही बोलत नाही. आमच्या लग्नात माझं सगळ्यांत जास्त कौतुक याच गोष्टीचं झालं होतं.

मी कपडे घड्या घालून आत नेले. जावईबापूंचा टॉवेल वेगळा ठेवला.

हर्षदला सांगितलं. खोलीत मी नवऱ्याला अरेतुरे करते, खोलीबाहेर अहोजाहो. त्यामुळं भांडायचं ते आतच उरकावं लागतं.

“अगं, जावयाचा मान असतो,” तो म्हणाला. “मुग्धाला बरं वाटेल. आपण नवा घेऊ की.” मुग्धा म्हणजे माझी नणंद.

“कधी?”

“घेऊ की.”

अधिक महिना निदान तीन वर्षांनी तरी येतो. ‘घेऊ की’ कधी येतो ते पंचांगात नाही.

...

बैठकीत आईंचा एक फोटो आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला.

बाजूला फुलदाणीचं स्टूल नाही. मान कललेली नाही. काळ्यापांढऱ्या उजेडात एक तरुण मुलगी सरळ समोर बघते आहे आणि तिचे ओठ नुकते उघडलेत. वाटतं, पुढच्या क्षणी ही काहीतरी बोलणार आहे, आणि ते कुणाला आवडणार नाही.

लग्न होऊन आले तेव्हापासून तो फोटो मला बोलावत होता. मग तसले आणखी दिसायला लागले.

नव्या जोडप्याला गावात जो तो जेवायला बोलावतो. बासुंदी खायची, ओटी भरून घ्यायची, भिंतीकडं बघायचं. वकिलांच्या घरी एक आजी... ओठ नुकते उघडलेले. सराफांच्या घरी एक मोठी जाऊ... तीच नजर. तिसऱ्या घरी मी उंबऱ्यातूनच ओळखलं, की काढणारा हात एकच आहे.

फोटोत कोण आहे ते सगळ्यांना पाठ होतं. काढला कुणी, ते कुणी सांगेना.

पुण्यात फोटोग्राफी शिकत असताना मी रात्रंदिवस जगभरातले फोटोग्राफर शोधायचे. आणि इथं एका फोटोग्राफरचं प्रदर्शन गडहिंग्लजभर लागलेलं होतं. अट एवढीच, की प्रत्येक दालनात जेवल्याशिवाय सोडत नव्हते.

कॅमेऱ्याचं ऐकलं त्या दिवशी मी आईंचा फोटो पुसायच्या निमित्तानं खाली काढला. पाठीवर पुसट शिक्का होता. शिवलीला मगदूम, फोटोग्राफर.

“आई, या कोण?”

“अक्का होय... आहेत की अजून. नदीवेशीत राहतात.” आईंनी फोटो माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा खिळ्याला लावला. “जाणार असशील तर खाऊन जा. फार बसवून ठेवतात त्या.”

...

अक्का कबड्डीचा सामना बघत होत्या. आवाज बंद करून.

केस पांढरे आणि कानापर्यंत कापलेले. पायाशी चुरमुऱ्यांची वाटी. मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तेवढंच.

“कोण?”

“शिंत्र्यांची सून.”

“ते घराचं नाव झालं. तुझं?”

“शर्वाणी.”

“हातात काय?”

“कॅमेरा.”

“कुणाचा?”

“माझा,” मी म्हणाले. “रविवारपर्यंत.”

अक्कांनी पहिल्यांदा टीव्हीवरून नजर काढली.

“ये आत.”

मी म्हणाले, तुम्ही काढलेले फोटो मी घरोघरी पाहिले. म्हणाले, मला तुमच्याकडं शिकायचंय.

“आधी काय शिकलीस?”

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. मी पुण्यातला अभ्यासक्रम सांगितला. मोबाइल उघडून जमवून ठेवलेले एकेक फोटोग्राफर दाखवले. एकीनं आयुष्यभर आपल्या आईचेच फोटो काढले. एकजण फक्त सावल्या काढतो, माणसं काढतच नाही. एकजण वर्षानुवर्षं एकाच चौकात उभा राहतो. मी बोलत गेले. सासरी आल्यापासून इतकं मी एका दमात बोलले नव्हते.

अक्कांनी सगळं बघितलं. चष्मा वर सरकवून, नीट.

“चांगले आहेत.”

“फार मोठी माणसं आहेत, अक्का.”

“यांच्यासारखं काढायचंय तुला?”

“हो.”

“मग ते काढतायत की. तू कशाला?”

...

मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. चेन लावली. जरा जोरातच लावली असावी.

“राग आला?”

“नाही.”

“बस तिथं.” खिडकीसमोर एक स्टूल होतं.

“माझा फोटो नकोय, अक्का. मला काढायला...”

“बस.”

बसले.

आणि माझं अंग आपोआप हललं. हनुवटी जरा खाली. डावा खांदा पुढं. ओढणी नीट. दात न दाखवता थोडंसं हसू. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. स्थळासाठी एकदा फोटो काढला, की अंग ते विसरत नाही. माझा कोल्हापुरात काढला होता. तो बघूनच या घरातून होकार आला. ‘मुलगी शांत वाटते,’ असा निरोप होता.

अक्कांनी माझा कॅमेरा डोळ्याला लावला. माझ्याकडं बघितलं. खाली घेतला.

“कुणासाठी बसलीस?”

माझा हात ओढणीवर गेला.

“इथं बघायला आलेलं कुणी नाही. मी आहे फक्त, आणि मला मुलगा नाही.”

मी हनुवटी वर केली. खांदा सोडला.

अक्कांनी पुन्हा कॅमेरा लावला. पुन्हा खाली घेतला. चुरमुरे खाल्ले. टीव्हीवर कुणीतरी कुणाचा तरी पाय धरला होता, तो सुटेपर्यंत त्या बघत राहिल्या. खिडकीतलं ऊन माझ्या मांडीवरून गुडघ्यावर सरकलं. पायाला मुंग्या आल्या. मी तशीच बसून होते. तशी बसायची मला सवय आहे.

शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

“अक्का, हसा तरी म्हणा!”

“हसा म्हणायचं नाही.”

“का?”

“हसा म्हटलं की बाई निघून जाते. हसू तेवढं मागं राहतं.”

“मग तुम्ही काय म्हणता?”

“म्हणत नाही. विचारते.”

“काय?”

अक्कांनी कॅमेरा उचलला.

“कशाला नाही म्हणायचंय तुला?”

माझं तोंड उघडलं.

खट्.

अक्कांनी कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला आणि त्या वाटीकडं वळल्या.

“झालं.”

“अहो, पण मी अजून सांगितलंच नाही!”

“माझं काम तेवढंच. सांगायचं तू. आणि मला नाही.”

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. ती मी होते. मी स्वतःला अशी कधी बघितली नव्हती. या मुलीला कुणीही शांत म्हटलं नसतं. हिचं स्थळ कुणी आणलंच नसतं.

...

“अक्का, आमच्या आईंना पण हेच विचारलं होतं तुम्ही?”

“सगळ्यांना तेच विचारते.”

“त्या काय म्हणाल्या?”



“दारात तिचे सासरे उभे होते. तोंड मिटलं तिनं.”

“आणि फोटो?”

“तो त्याच्या आधी निघाला होता.”

मला आता खरोखरच राग आला. कुणाचा ते नक्की सांगता येणार नाही. अक्काच समोर होत्या.

“म्हणजे गावभर तुम्ही तोंड उघडलेल्या बायका टांगून ठेवल्यात! एकीचंही बोलणं पुरं झालं नाही. सगळ्यांनी घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. मग उपयोग काय झाला, अक्का, तुमच्या फोटोंचा?”

बोलून गेले आणि मग घाबरले. एवढ्या मोठ्या बाईला असं कुणी विचारतं का?

अक्का पुन्हा टीव्हीकडं वळल्या. टीव्हीवरचा सामना संपला. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. जाहिराती लागल्या.

“बरं विचारलंस,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, घरी जाऊन बघतील. आपलंच तोंड आहे. बघून बघून एक दिवस वाक्य पुरं करतील...”

“मग?”

“मग एकेक गेली, आणि घरच्यांनी फोटोवर हार घातले.”

आम्ही दोघी बराच वेळ जाहिराती बघत बसलो. आवाज नसलेल्या.

निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला पीळ पडला होता, तेवढा सरळ करून दिला.

“बोलून झाल्यावरचा चेहरा कसा असतो, मला ठाऊक नाही,” अक्का म्हणाल्या. “मला तो मिळाला नाही कधी... जा आता. दार ओढून घे.”

...

रविवारी जावईबापू आले. धोंडे झाले, अनारसे झाले, ‘आणखी एक घ्याच’ झालं. जावईबापू माणूस वाईट नाही. तीन वेळा म्हणाले, वहिनी तुम्ही पण बसा.

मुग्धानं मला मागच्या खोलीत गाठलं. “वहिनी, तुला चालेल ना गं?”

मी तिच्याकडं बघितलं. बोलायचं होतं. तेवढ्यात आत्याबाईंनी तिला हाक मारली.

वाणाचं ताट बैठकीत आणलं. एका बाजूला अनारसे, एका बाजूला चांदीचा दिवा, आणि मध्ये मोकळी जागा. जागा अगदी कॅमेऱ्याएवढी होती. आत्याबाईंचा अंदाज दांडगा.

“शर्वाणी,” त्या म्हणाल्या, “सगळ्यांचा एक फोटो काढ बाई छानसा. आणि मग ठेव ताटात. जावईबापूंनाच कळेल चांगला आलाय की नाही.”

जावईबापू लाजल्यासारखे हसले. नको म्हणाले नाहीत.

सगळे बसले. मधल्या खुर्चीत मामंजी, शेजारी जावईबापू. आत्याबाईंनी पदर सावरला आणि मान जरा तिरकी केली. मुग्धानं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. हर्षद मागं उभा राहिला. आई कडेला, अर्ध्या चौकटीत, अर्ध्या बाहेर.

“आई, आत या.”

“बरी आहे मी इथंच.”

“आत या.”

त्या आत सरकल्या.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. सगळे हसत होते. कुणी सांगायच्या आधीच. सगळ्यांचं हसू सारखं होतं, एकाच दुकानातून आणल्यासारखं.

बोट बटणावर होतं. कॅमेरा हलू नये म्हणून मी कोपर बरगडीला टेकवलं. हे पुण्यात शिकवलं होतं.

“अगं, हसा म्हण की!” हर्षद म्हणाला.

मी म्हटलं नाही.

“काय झालं? बिघडला काय?” मामंजी म्हणाले.

“आता हिला काय झालं,” आत्याबाई पुटपुटल्या. दात तसेच ठेवून.

मी कॅमेरा खाली घेतला नाही. पण डोळा बाजूला काढला आणि सगळ्यांकडं बघितलं.

“कॅमेरा मी देणार नाही.”

...



जावईबापूंचं हसू पहिल्यांदा गेलं. मग मुग्धाचं. मामंजींनी हर्षदकडं बघितलं. हर्षदनं पंख्याकडं. आत्याबाईंची मान सरळ झाली, भुवया वर गेल्या आणि तोंड उघडं राहिलं.

“काय म्हणालीस?”

मी पुन्हा डोळा लावला. या खेपेला कोपर टेकवावं लागलं नाही.

“देणार नाही म्हणाले, आत्याबाई. आता असंच बघा... हलू नका.”