किमयेची पाटी

घरबसल्या सिनेमे दाखवणाऱ्या ‘नेत्रपट’ कंपनीचे ग्राहक वाढले, तेव्हा व्यवस्थापक बिनीवाले साहेबांनी ‘ही किमया माझी’ अशी पाटी स्वतःच्या फोटोसकट भिंतीवर ठोकली. पुढे ऐन गणपतीत त्यांनीच ग्राहकांची मासिक वर्गणी वाढवली आणि दोन लाख ग्राहक पळाले.

मालकीणबाईंसमोर साहेबांनी ग्राहकसेवेतल्या मृणालिनीपुढे कबुलीचा कागद सरकवला. “गळती तुमच्यामुळे झाली. करा सही!”

तिची नजर पाटीवर गेली.

“करते, साहेब. फक्त त्या पाटीवरही माझाच फोटो लावा. ग्राहक आणणारी मी, घालवणारीही मीच. मग तुम्ही इथे काय करता, तेवढं बाईंना सांगा.”

बाईंनी हसत कागद फाडला. मृणालिनीने सकाळपासून तसाच राहिलेला डबा उघडला. पाटी साहेबांनी स्वतःच उतरवली.