समुद्राकडची उंडी

शके १८८१, माघ मास, शिशिर ऋतू. इंग्रजी सन १९६०चा फेब्रुवारी.

"...मग आता तरी अनुज्ञा द्याल ना, बुवा?" भार्गव नाबराने विचारले.

भार्गव शेतकीचा पदवीधर होता. मठाच्या नावाने मुंबईस प्रवचने करावीत, ही त्याची इच्छा. मठाधिपती निरंजनबुवांची अट एकच होती: मठाच्या समुद्राकडील अंगास एक उंडी वाढवून दाखवावी. उंडी म्हणजे त्या किनाऱ्यावर आपोआप रुजणारे, बारमाही हिरवे झाड.

दोन वर्षांत ती पुरुषभर उंच झाली होती. चहूंकडे नारळीच्या विणलेल्या झापांचे कुंपण, बुंध्याला आधाराची काठी आणि दोन्ही वेळा विहिरीचे गोडे पाणी.

बुवांनी झापांच्या फटीतून आत पाहिले.

"हे झाड, की सोवळ्यातलं लोणचं?"

"खाऱ्या वाऱ्याने पालवी करपते, बुवा. शास्त्रच आहे तसं."

"पलीकडच्या उंड्यांना ते कुणी कळवलं नाही वाटतं."



बुवांनी आत जाऊन काठीची दोरी सोडली. झाड हळूहळू कलले. शेंडा वाळूला टेकला.

"अनुज्ञा कुणाला देऊ? तुला, की काठीला?"

त्याच दुपारी भार्गवाने कुंपण उपटले. रागानेच.

चैत्रात शेंडा करपला. वैशाखात पाने गळाली. भार्गव पुन्हा कुंपण घालायला झापे उचलूनच बुवांपुढे उभा राहिला.

"मेली ती. दोन वर्षं पाण्यात गेली. आपणच मारलीत!"

"पाणी घालतोस अजून?"

"...घालतो."

"मेलेलीला?"

भार्गवाने झापे तेथेच ठेवली.

पावसाळ्यात बुडापासून फुटवे आले. त्यांतील एक वाढला. त्याला भार्गवाने काठी लावली नाही.

मार्गशीर्ष वद्य पंचमीस, शके १८८४, म्हणजे १९६२च्या डिसेंबरात, या गोष्टीचा निकाल लागला.

बुवा स्नान करून येत होते. भार्गव उंडीपाशी उभा होता. ती जमिनीकडे झुकलेली, जेमतेम छातीएवढी. बुंधा मात्र मनगटासारखा.

"वाकडी झाली, बुवा. पूर्वीएवढी उंचही नाही. मुंबईचं नाव काढायला आता मला तोंड नाही."

बुवांनी ओला पंचा पिळला आणि उंडीच्या फांदीवर पसरला. वारा जोराचा होता. फांदी लवली... पुन्हा वर आली.

"पंचा वाळला, की मुंबईस नीघ."