मेघवंत नावाला ओ कोण देतो?

एका राज्यात मुक्तावली नावाची राजकन्या होती. राजकन्या म्हणायचं आपलं, केस पांढरे झाले होते आणि गुडघे दुखत होते. राजा धैर्यसेनाची ती थोरली बहीण. सगळी प्रजा तिला अक्कासाहेब म्हणे आणि सगळी प्रजा तिला टरकून असे, कारण बाईचा स्वभाव महासंशयी. दूध आलं की ती वास घेई, गवळ्याकडे बघे आणि पुन्हा वास घेई. देवाचा प्रसाद आधी पुजाऱ्याला खायला लावी. कुणी हसून बोललं तर याला काय हवंय, आणि न हसता बोललं तर हा काय लपवतोय! असल्या बाईपुढे उभं राहायचं म्हणजे निर्दोष माणसालाही घाम फुटे.

पण त्या वर्षी संशय घेण्याजोगं खरोखरच काही घडत होतं.

गेली सात वर्षं त्या राज्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव मेघवंत होतं. त्याआधी हे नाव कुणाच्या सात पिढ्यांत नव्हतं. तिथल्या रिवाजाप्रमाणे बाराव्या दिवशी बारसं होई, बाळाची आई पाळण्याशी आत्याला नाव सांगे, आत्या वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून ते नाव घेई, आणि जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालत. आता आई काहीही सांगो, आत्याच्या तोंडून निघे ते मेघवंतच. कुंभाराकडे तेच, सावकाराकडे तेच, सेनापतीकडेही तेच. पहिलं वर्षभर लोक खूश होते. नाव नवं, कानाला गोड, शिवाय सेनापतीच्या घरातलं! ज्यांच्याकडे मुलीच होत्या त्यांना हळहळ वाटे.

मग ही मुलं चालायला लागली आणि सगळ्यांचे डोळे उघडले. एकाही मेघवंताला हाक ऐकू येईना. बाकी सगळं ऐकू येई, भांडं पडलं की दचकत, गाण्यावर डोलत. पण नावाने बोलावलं की ढिम्म. टोपणनाव ठेवून पाहिलं, तेही कानात शिरेना. कोष्ट्याचा मेघवंत डोहाकडे चालत निघाला, आई मागून घसा फोडून ओरडत होती, त्याने मान वळवली नाही. एका कोळ्याने केसाला धरून वर काढला म्हणून वाचला.

अशात राणी केतकीला मुलगा झाला. चौथ्या दिवशी राजाने बहिणीला बोलावलं.

"अक्का, बाराव्या दिवशी तुझ्याही तोंडून तेच नाव निघेल. मग हे मूलही आमच्या हाकेला वळायचं नाही. काहीतरी कर."

हे मूलही, असं तो म्हणाला. मुक्तावलीने ते नेमकं ऐकलं.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, जी राजवाड्यात कुणी बोलत नसे. सात वर्षांपूर्वी राणीला पहिला मुलगा झाला होता. मुक्तावली नाव ठेवायला वाकली आणि तिला बाळाचे डोळे दिसले. घारे होते. राणी तिच्या कानाशी येऊन नाव सांगणार, तेवढ्यात ती ताठ झाली आणि भरल्या सभेत म्हणाली, "आमच्या घराण्यात घारे डोळे कुणाचे आहेत? सुईणीने मूल बदललंय." नाव ऐकायलाही ती थांबली नाही. ती चार पावलं गेली असेल नसेल, पाळणा रिकामा झाला आणि एक साळुंकी त्यातून उडून खिडकीबाहेर गेली. "बघा, चेटूकच होतं ते," असं मुक्तावलीने सगळ्यांना सांगितलं. सुईणीला तिने हद्दपार करवलं. त्या दिवसापासून राणी तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

तर मुक्तावली तपासाला लागली. पुरोहित, व्यापारी, पन्नासेक आत्या, सगळ्यांना तिने उलटसुलट विचारलं. नाव आणलंस कुठून? जो तो म्हणे, आपोआप आलं. एवढे लोक एकच उत्तर देतात म्हणजे त्यांना कुणीतरी पढवलंय, असं तिने ठरवलं. आणि पढवणार कोण, तर नदीपलीकडच्या काळ्या टेकडीवरचा जादूगार भद्रजट. दुसरं आहे कोण? तिने सोटा घेतला आणि ती एकटीच निघाली. सोबतीला कुणी नको, सोबतीचा काय भरवसा.

वाटेत एका गावात एक बाई पोराला जेवायला बोलावत होती. "मेघवंता, ए मेघवंता!" पोरगं मातीत खेळत बसलं होतं, त्याने वर पाहिलं नाही. तेवढ्यात बाभळीवरून कुणीतरी म्हणालं, "ओ."

मुक्तावलीने वर पाहिलं. एक साळुंकी बसली होती, घाऱ्या डोळ्यांची.

पुढच्या गावातही तसंच. हाक मेघवंताला आणि ओ झाडावरून. ते पाखरू तिच्या मागे मागे येत होतं. भद्रजटाचा हेर, दुसरं काय! तिने दगड उचलला आणि नेम धरून मारला. तो पंखाला लागला. साळुंकी खाली पडता पडता सावरली आणि लांबच्या झाडावर जाऊन बसली, पण परत गेली नाही.

भद्रजट टेकडीवर शेण सारवत बसला होता. जादूगार झाला तरी घर त्यालाच सारवावं लागे.

"हे नाव तुझं कारस्थान आहे," मुक्तावली म्हणाली.

"नाव माझं नाही," भद्रजट म्हणाला. "ते कुणाचं, हे कळायला तीन कामं करावी लागतील."

"आणि त्यात तुझा काय फायदा?"

"काही नाही. तुझा विश्वास बसणार नाही, पण काही नाही."

पहिलं काम असं, की त्याने दिलेलं वाटीभर दूध वास न घेता प्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण ती वाटी हातात धरून मुक्तावली सकाळपासून दुपारपर्यंत बसली. दुधावर साय धरली. तिच्या डोळ्यांपुढून नाना विषं गेली. मग राणीच्या कुशीतलं एवढंसं पोर तिला आठवलं, हा उद्या डोहाकडे चालला तर हाक कोण मारणार, आणि मारून तरी काय उपयोग. तिने डोळे मिटले आणि वाटी तोंडाला लावली. नुसतं दूध होतं, गूळ जरा जास्त पडला होता.

दुसरं काम टेकडीमागच्या तळ्याचं. डोळ्यांना पट्टी बांधायची, अनोळखी माणसाचा हात धरायचा, पलीकडे जायचं, आणि वाटेत एक प्रश्न विचारायचा नाही. हात म्हातारा होता आणि खरखरीत. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, मग गळ्याशी आलं. पायाखाली गाळ सरकत होता. हा कोण, मला कुठे नेतोय, याला पैसे कुणी दिले? सगळे प्रश्न तिने दातांत धरून ठेवले. शेवटी पायाला वाळू लागली, तेव्हा तिने पट्टी सोडली. समोर ती सुईण उभी होती, जिला तिने हद्दपार केलं होतं.

मुक्तावलीने विचारलं, "माझा हात सोडावा असं तुझ्या मनात नाही आलं?"

"आलं होतं, अक्कासाहेब. मधोमध आलं होतं."

"मग?"

"या हातांना धरायचीच सवय आहे."

मुक्तावलीला राहवलं नाही. "खरं सांग. मूल बदललं होतंस?"

"तुम्हाला खरं वाटेल असं उत्तर माझ्यापाशी नाही," म्हातारी म्हणाली, आणि लुगडं पिळून आपल्या वाटेने गेली.

मुक्तावली खालमानेने टेकडीवर परतली. भद्रजटाने तिसरं काम सांगितलं. "साऱ्या राज्याला प्रश्न विचारलेस. एका माणसाला सात वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. त्याला जाऊन विचार."

असा माणूस कोण, हे तिला सांगावं लागलं नाही. आल्या वाटेने परतताना तिची मान एकदाही वर झाली नाही. झाडाझाडावरून साळुंकी येत होती, आता अंतर राखून.

बाराव्या दिवशी सकाळी ती राणीच्या महालात शिरली. दासी बाहेर सटकल्या. राणी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, तिने तोंड फिरवलं.

"केतकी," मुक्तावली म्हणाली, "थोरल्याचं नाव तू काय ठेवणार होतीस?"

राणीने तोंड तिच्याकडे वळवलं. मग सात वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"मेघवंत, वन्सं. माझ्या माहेरी माळच माळ, झाड औषधाला नाही. सावली मिळाली तर ढगाचीच. धनगर ढगाला मेघवंत म्हणून हाक मारतात, आणि तो येतो. माझा मुलगाही हाकेला येणारा व्हावा, म्हणून ते नाव."

"मग सात वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं? तुमच्या कानाशी आले होते, तुम्ही निघून गेलात. त्या नावाला त्याचा कान मिळाला नाही, ते घराघरांतून हिंडत राहिलं. लेक गेला, नाव तरी लोकांत आहे, एवढ्यावर मी जगले." तिने मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं. "पण हा हाकेला वळायला हवा."

मुक्तावलीला रडू कोसळलं. आपण ज्या नावाचा चोर गावोगाव शोधला, तो आपणच निघालो, हे तिला कळून चुकलं, आणि झाडावरून ओ कोण देत होतं तेही.

तिने माळ्यावरचा जुना पाळणा काढवून टांगायला लावला. साळुंकी खिडकीत येऊन बसली होती. मुक्तावलीने हात पुढे केला, दगड मारलेला तोच हात. पाखरू मागे सरकलं. आता संशय घ्यायची पाळी त्याची होती, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. ती तशीच हात पुढे करून उभी राहिली, गुडघे दुखले तरी हलली नाही. पुष्कळ वेळाने साळुंकी उडाली, हाताला न शिवता पाळण्यात जाऊन बसली.

मुक्तावली वाकली. तिला घारे डोळे दिसले, आणि काय सांगावं, तो जुना प्रश्न जागच्या जागीच होता. आपल्या घराण्यात घारे डोळे कुणाचे? सुईणीने उत्तर दिलं नव्हतं, भद्रजटाने दिलं नव्हतं, राणीला विचारायची तिची छाती नव्हती. प्रश्न तसाच मनात ठेवून तिने तोंड खाली नेलं.

"कुर्रर्र. मेघवंत."

पाळण्याच्या दोऱ्या करकरल्या. एवढ्याशा पाळण्यात गुडघे पोटाशी घेऊन सात वर्षांचा मुलगा बसला होता. त्याच्या दंडावर दगडाचा वळ होता.

रिवाजाप्रमाणे आता आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. पण अक्कासाहेबांच्या पाठीला हात लावणार कोण? बारशाला जमलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. तेव्हा राणी उठली, बाळ दासीकडे दिलं, आणि सात वर्षांचा सगळा जोर लावून तिने असा धपाटा घातला की आवाज चौकात ऐकू गेला.

"जरा हळू गं," मुक्तावली म्हणाली, आणि तशीच वाकून उभी राहिली, आणखी एक हवा असल्यासारखी.

त्याच घटकेला राज्यभर आया पोरांना हाका मारत होत्या आणि पोरं वळत होती. धाकट्या राजपुत्राच्या कानात आईने ठरवलेलं नीलकेतू हेच नाव गेलं. पुढे महिनाभर घरोघरी पुन्हा बारशी झाली, आत्यांच्या पाठी सुजल्या, आणि मेघवंत हे नाव राज्यात विरळ झालं. कोष्ट्याने तेवढं बदललं नाही. त्याचं पोरगं आता त्याच नावाला वळत होतं. सुईणीला मुक्तावली स्वतः जाऊन हात धरून घेऊन आली.

स्वभाव मात्र गेला नाही. रोज सकाळी ती खांबाआड उभी राही आणि मुद्दाम हळू आवाजात हाक मारी, वळतो की नाही ते पाहायला.

"मेघवंता."

"ओ, आत्या."

तेवढ्याने दिवसभर तिचं भागे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तपासून बघे. जशी तिच्या हाकेला ओ मिळाली, तशी तुमच्या आमच्या हाकेला मिळो.