रंगाचा तिसरा हात

“तिसरा हात का मारलास?” दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं.

“रंग फुगला होता.”

“आणि दुसरा?”

“तोही फुगलाच म्हणून.” बिरदेवचा आवाज आधीच चढला होता. “चाचा, आता काय राहिलंय? बारा वाजता मगदूम साहेब येतील. किल्ली द्या. गाडी पुसून बाहेर काढतो.”

किल्ली मिस्त्रींच्या खिशात होती. ती तिथेच राहिली.

मिरजेच्या त्या गॅरेजात जुने ब्रेक नवे करायचं काम चालतं. चाकाच्या आत फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा एक लोखंडी जबडा असतो. त्याला कॅलिपर म्हणतात. गंजलेला कॅलिपर उतरवायचा, घासायचा, रंगवायचा, आणि पुसून गेलेलं कंपनीचं नाव त्याच्यावर पुन्हा काढायचं. मिस्त्रींनी आयुष्यभर हेच केलं. बिरदेव सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकत होता. मिस्त्री त्याला अजून ‘पोरा’ म्हणत.

“ही गाडी माझा हात न लागता बाहेर पडली, तर तुला मिस्त्री म्हणेन,” असं त्यांनी महिन्यापूर्वी चार लोकांत सांगितलं होतं.

ती गाडी दारातल्या उतारावर, रस्त्याकडे तोंड करून, हँडब्रेकवर उभी होती. चारही चाकांतून लाल कॅलिपर चमकत होते. त्यांवर कंपनीचं नाव, पांढऱ्या अक्षरांत. एकाही अक्षराची कड हललेली नव्हती. बिरदेवनं ती साच्याशिवाय, बारीक ब्रशनं काढली होती.

मिस्त्री पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले.

“हाच ना?”

“हाच.”

“बाकीच्या तिन्हींवर रंग एका हातात बसला. मग ह्याच्यावरच का फुगला?”

“पहिल्यांदा डबा जुना होता. दुसऱ्यांदा हवा दमट होती.”

“एका चाकापुरती?”

बिरदेवनं फडका जमिनीवर आपटला.

“तुम्हाला खोडच काढायची असेल तर सरळ काढा! सहा वर्षं घासतोय मी. पॉलिश पेपरनं बोटांचे ठसे गेले. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही माझा! माझ्या कामाचे फोटो बघून कोल्हापूरहून फोन येतात, आणि तुम्ही डब्याची चौकशी करताय. मी मिस्त्री झालेलं तुम्हाला नकोच आहे.”

“ओरड. दम आहे तोवर ओरडून घे.”

“तुमचा हात थरथरतो आता, चाचा. तुम्हाला अक्षर काढता येत नाही. ते खुपतंय तुम्हाला.”

बोलून गेल्यावर बिरदेवलाच ते ऐकू आलं. पण राग उतरला नव्हता. त्यानं शब्द परत घेतले नाहीत.

मिस्त्रींनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो खरंच थरथरत होता.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “असं अक्षर मला भरातही जमलं नाही. आता दाखव, रंग कुठून फुगायचा?”

बिरदेवनं तोंड फिरवून नुसतं बोट टेकवलं. जबड्याच्या आतल्या बाजूला, रबराच्या कडेला.

“कधी फुगायचा?”

“कॅलिपर चढवून ब्रेकचं पेडल दाबलं, की दुसऱ्या दिवशी.”

“ओलं लागायचं?”

बिरदेव जमिनीवरचा फडका उचलायला वाकला.

“पोरा, ओलं लागायचं का?”

“थोडं. पुसून घ्यायचो.”

ब्रेकचं तेल रंगाखाली शिरलं की रंग फुगतो. त्या गॅरेजात ही गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि तेल बाहेर येतं ते जबड्यातलं रबर फाटल्यावर; तेल गेलं की ब्रेक लागत नाही.

“काल तिसरा हात मारलास. त्यानंतर पेडल दाबलंस?”

रस्त्यावरून उसाची ट्रॉली खडखडत गेली.

“नाही दाबलं.”

“का?”

“गिऱ्हाइकानं रंग आणि नाव सांगितलं होतं! रबराचं कोण बोललं? नवं रबर यायला आठ दिवस लागले असते. मगदूम साहेबांची उद्याची रत्नागिरी ठरलीय, दोन्ही पोरींना समुद्र दाखवायचाय. थांबले असते का ते? गाडी घेऊन दुसऱ्याकडे गेले असते. जिथं रंग धरतच नव्हता, तिथं मी धरवून दाखवला, चाचा. आणि तुम्ही मला...”

“आंबा घाटानं उतरणार ते?”

“मग आणखी कुठनं?”

मिस्त्री उठले. त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली होती. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि बिरदेवच्या छातीवर दाबली.

“बस गाडीत.”

“म्हणजे... देताय?”

“बस म्हटलं ना!”

समोरच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली. मिस्त्रींचा एवढा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

बिरदेव बसला. दार त्यानं मुद्दाम जोरात ओढलं.

मिस्त्रींनी रंगाचा एक रिकामा डबा उचलला. तो घेऊन ते उतार उतरले. गाडीच्या नाकासमोर, दहा पावलांवर, त्यांनी डबा पालथा घातला आणि त्याच्यावर बसले.

“हँडब्रेक सोड,” ते खालून म्हणाले. “गाडीला वेग येऊ दे. मग पेडल दाब, आणि माझ्यापाशी थांब. हँडब्रेकला पुन्हा हात लावायचा नाही.”

“चाचा, चेष्टा पुरे झाली.”

“मिस्त्री, सोडा हँडब्रेक.”

सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला तसं म्हटलं होतं.

बिरदेवचा हात हँडब्रेकवर गेला. काचेतून त्याला मिस्त्री समोर दिसत होते. पांढरी टोपी, रंगाचे डाग पडलेला सदरा, आणि डोळे. ते डोळे रागानं लाल होते आणि हलत नव्हते.

पाय पेडलवर होता. पण त्याला ते दाबून बघायचाही धीर होईना.

“उठा तिथनं,” तो म्हणाला.

मिस्त्री बसून राहिले.

“उठा ना, चाचा!” आता तो ओरडत होता. हँडब्रेक त्यानं दोन्ही हातांनी वर ओढून धरला होता. “पाया पडतो तुमच्या. उठा!”

मिस्त्रींनी मान वाकडी करून पुढच्या डाव्या चाकाकडे पाहिलं. उन्हात लाल रंगावर पांढरी अक्षरं लखलखत होती.

“का?” ते म्हणाले. “नाव तर सुरेख आलंय.”