वाऱ्यामागून गेलेला तांडेल

एक होता राजा. लांब पश्चिमेला, जिथं जमीन संपते आणि पुढं नुसतं पाणीच पाणी, तिथं त्याचं राज्य. एवढंसं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. मुक्ते, पाय पांघरुणात घे बघू आधी, मग पुढं सांगते.

तर या राजाला मिरीचं भारी वेड. मिरी म्हणजे आपलीच बरं का, पोफळीवर वेल चढतो ना, तीच. आपण रश्श्यात सहज टाकतो. पण तिकडं ती उंबराचं फूल! इथून निघायची गलबतातून, मग उंटाच्या पाठीवरून, मग खेचराच्या, मग पुन्हा गलबतातून. इतक्या हातांतून जाता जाता पोचायची चिमूटभर, आणि राणी ती कुलपात ठेवायची. त्यात एकदा काय झालं, वाटेवरच्या राजांची लढाई जुंपली आणि वाटच बंद पडली. मग राजवाड्यात रोज मिळमिळीत रस्सा. राजा ताटावर बसायचा नि नाक मुरडायचा. शेवटी एक दिवस चिडून म्हणाला, "जमिनीवरून वाट नाही ना? मग समुद्रातून काढा!"

ऐकून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या काळी तिकडची माणसं समुद्राला फार भीत. मासे धरायचे, पण किनाऱ्याच्या कडेकडेनं. जमीन डोळ्यांना दिसतेय तोवर समुद्र आपला, ती दिसेनाशी झाली की तो राक्षसांचा. आणि दक्षिणेला एक भूशिर होतं, त्याच्या पलीकडं म्हणे पाणी खदखदा उकळतं, गलबताचं डांबर वितळतं, फळ्या सुट्या होतात. कुणी पाहिलं होतं? कुणी नाही. पण सांगायचे मात्र अगदी छातीठोक.

पण काही म्हणा, फार गोड दिवस होते ते. सकाळी होड्या जायच्या आणि संध्याकाळी रस्सा निवायच्या आत परत यायच्या. आपला माणूस कुठं आहे, हे बायकांना बसल्या जागी ठाऊक असायचं. मेसियालाही ठाऊक असायचं. ही मेसिया त्या बंदरात शिडं शिवायची, आणि तिचा नवरा लोपो होता तांडेल, म्हणजे गलबतावरचा म्होरक्या. दोघं भांडायची खूप आणि हसायचीही खूप. तो समुद्रावर गेला की ती दारातूनच ओरडून त्याला चार शब्द सुनवायची, आणि ते त्याला ऐकू जायचे, इतका तो जवळ असायचा.

मग राजानं काय केलं, पहिल्यांदा मोठी तीन गलबतं धाडली. ती भूशिरापाशी गेली, तर समोर पाणी पांढरंफेक, फेसाळलेलं. "उकळलं रे उकळलं!" म्हणत सगळे धूम पळत आले. उकळलं कसलं डोंबल! उथळ पाणी होतं, लाटा वाळूवर फुटत होत्या. पण भिणाऱ्याला कोण सांगणार?

राजा चिडला. दुसऱ्यांदा गलबतं धाडली. या वेळी एकानं धीर करून पाण्यात हात घातला, तर पाणी गारेगार! मग काय, गेले की भूशिर ओलांडून. वाराही पाठीशी, कसे भुर्रकन गेले. पण परत यायची वेळ झाली, तर तोच वारा समोरून. रोज समोरून. जायला वारा आहे, यायला नाही! एकच गलबत कसंबसं आलं, डोलकाठी मोडलेलं, आणि त्यातली माणसं ओळखू येत नव्हती. बाकीची आलीच नाहीत. बंदरातल्या कितीतरी बायकांनी सुतकाचे काळे कपडे घातले.

आणि तिसऱ्यांदा राजानं बोलावलं लोपोला. राजाला नाही कोण म्हणणार?

मेसियानं तिकोनी शीड शिवून दिलं. ही तिकोनी शिडाची युक्ती त्यांनी अरब खलाशांची पाहून उचलली होती, तिरक्या वाऱ्यावरही चालायचं ते. एका वाडग्यातल्या पाण्यावर तरंगणारी सुईही बरोबर दिली होती राजानं, उत्तर दिशा दाखवणारी. पण मेसियाचं काही सुईनं समाधान होईना. ती धक्क्यावर त्याचा हात सोडेना. म्हणाली, "अहो, एवढंच करा. जमीन नजरेआड करू नका. जमीन दिसत असली ना, की मला वाटतं तुम्ही माझ्या जवळ आहात. माझ्या गळ्याची शपथ आहे."

"नाही करणार," लोपो म्हणाला.

गेला. भूशिर ओलांडलं, पलीकडचा किनारा पाहिला, तिथल्या लोकांकडून तिखट दाणे घेतले. मिरी नव्हती ती, पण जिभेला चटका देणारी होती. मग गलबत वळवलं घराकडं, आणि आला की वारा समोरून! आज थांबेल, उद्या थांबेल. कुठलं काय. चार हात पुढं जावं, तर सहा हात मागं. पिपातलं पाणी सरत चाललं. खलाशी आपापल्या आयांच्या नावानं रडायला लागले. लोपोला तर सारखं आपलं दार दिसायचं, त्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली मेसिया दिसायची. फार फार घर आठवलं त्याला.

मग तो नाळेवर, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावर, उभा राहिला आणि वाऱ्याला म्हणाला, "बाबा, मला घरी जाऊ दे." वारा आपला समोरून वाहतच राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला. वारा नुसता हसला आणि शिडाला एक चापट मारून गेला. तिसऱ्या दिवशी लोपोला रडूच आलं. म्हणाला, "तुला घर नाही का रे?"

तेव्हा वारा थांबला. हो, बोलला तो! गोष्टीतला वारा आहे, बोलणारच. म्हणाला, "आहे की. मीही घरीच जातो. पण आल्या वाटेनं नाही, मोठा फेरा घेऊन. यायचं तर माझ्या मागून ये."

"कुठून?"

"तिकडून." आणि वाऱ्यानं दाखवलं पश्चिमेला. भर समुद्राकडं! जिथं जमीन नाही, खडक नाही, काही म्हणजे काहीच नाही.

लोपोला आठवली ती मेसियाच्या गळ्याची शपथ! रात्रभर तो सुकाणूला धरून बसला. शपथ पाळावी तर इथंच मरायचं. मोडावी तर तिला काय तोंड दाखवायचं? सकाळी उठला आणि म्हणाला, "चिडलेली चालेल, पण रडत बसलेली नको." आणि घराकडं पाठ केली.

खलाशी ओरडले, "तांडेलाला वेड लागलं! बांधा याला!" पण बांधायचं त्राण कुणात होतं? बघता बघता जमीन पुसट झाली आणि मग गेलीच. नुसतं निळं. दिवस गेले. आणि एका सकाळी, काय सांगू, वारा हळूच वळला. गार झाला. पाठीशी आला. शीड टम्म फुगलं!

इकडं बंदरात काय चाललं होतं? मेसिया रोज दक्षिणेच्या खडकावर बसायची. गेलेली माणसं दक्षिणेला गेली, म्हणजे येणार दक्षिणेकडूनच. सगळ्या बायका तिकडंच तोंड करून बसत. पाद्रीबाबा येऊन म्हणाले, "बाळ, उद्या लोपोसाठी मेलेल्यांची प्रार्थना म्हणतो. तू काळे कपडे घाल." तेव्हा मात्र मेसियाचा धीर सुटला. घरी जाऊन तिनं पेटीतून काळी ओढणी बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी लोक देवळाकडं निघाले. मेसियाचा सासरा मार्तिम, अर्धा आंधळा म्हातारा, उन्हात पाठ शेकत पश्चिमेकडं तोंड करून बसला होता. तो म्हणाला, "गलबत येतंय गं."

"मामंजी, दक्षिण इकडं आहे."

"दक्षिण गेली खड्ड्यात! इकडं बघ!"

सगळ्यांनी मान वळवली. पश्चिमेकडून, जिकडून कधी कुणी आलं नव्हतं, तिकडून एक तिकोनी शीड येत होतं.

मेसिया पाण्यात धावली, गळ्याइतक्या. लोपोनं उडी मारली. आधी ती त्याला बिलगली आणि मग धपाधप मारायला लागली. "शपथ मोडलीत ना? मोडलीत ना?"

"मोडली," लोपो रडत म्हणाला. "तुझ्याकडं यायचं होतं, म्हणून तुझ्याकडं पाठ केली."

पुढं मग सगळ्यांनाच वाऱ्याचा फेरा कळला. गलबतं लांब लांब जायला लागली, पार आपल्या किनाऱ्यापर्यंत आली मिरी शोधत, आणि त्यांनी आपल्या लोकांना रडवलंही फार. राजाला झणझणीत रस्सा मिळाला. पण रस्सा निवायच्या आत घरी येणारे नवरे, तो लहानसा समुद्र, तो काही परत आला नाही. मेसिया म्हातारपणीही त्या दिवसांची आठवण काढायची. बंदरातल्या नव्या सुना तिला विचारायच्या, "मावशी, वाट पाहायला कुठल्या खडकावर बसू?" ती म्हणायची, "कुठंही बस गं बाई. येणारा आता कुठूनही येतो."

लोपो मात्र पुन्हा गेला नाही. दोघं भांडत, हसत सुखानं राहिली. झोपा आता. मुक्ते, तूसुद्धा, डोळे मिटल्याचं सोंग मला कळतं.