गोफणीच्या घराण्यातली रिकामी जागा

एक होतं नगर. नाव त्याचं बेथ-रिम्मोन. राजा कोण म्हणाल, तर राजाबिजा कुणी नव्हताच. इस्राएल लोकांत तेव्हा राजे व्हायचे होते. होती ती घराणी. उघडे डोंगर, उतारावर डाळिंबाच्या बागा, आणि घराघरात वीर. वीर तरी कसे? सगळे डावखुरे! डाव्या हातानं गोफण फिरवायचे. ताणून बांधलेल्या केसावर नेम धरायचे आणि केस तोडायचे.

तिथं एक रीत होती, बरं का. वेशीच्या भिंतीत प्रत्येक घराण्याचा एक दिवा असे. डाळिंबं उतरली की सगळं नगर वेशीत जमे. घराण्याची हाक झाली की त्या घरच्या मुलानं पुढं यायचं, बापजाद्यांची नावं घ्यायची आणि गोफणीनं केस तोडायचा. तीन दगडांत केस तुटला नाही, तर दिवा मालवायचा. मग ती नावं पुन्हा कुणी घ्यायची नाहीत. जणू ती माणसं जन्मलीच नव्हती.

त्या वर्षी काय झालं, हासूमबाबांनी हाक दिली, "यरीबाचं घराणं!"

हासूमबाबा म्हणजे नगरातले सगळ्यांत म्हातारे वडील. आणि यरीब? तो तर लढाईत पडलेला. मुलगा नाही, एकच मुलगी, अटारा. ती आली गोफण घेऊन.

तिचा काका गेरा हसला. म्हणाला, "अगं, भाकरी करपेल घरी! जा परत."

अटारा म्हणाली, "करपू दे. तू खा करपलेली. माझ्या बापाचा दिवा मी विझू देणार नाही."

हासूमबाबा दाढी खाजवत राहिले. मग म्हणाले, "मार दगड, पोरी. पण नावं घेऊ नकोस. नावं मुलग्यांनी घ्यायची."

मग अटारानं डावा हात फिरवला. सूं सूं सूं! दगड सुटला आणि पार डाळिंबाच्या झाडात गेला. केस जागच्या जागी.

"झालं?" गेरा म्हणाला.

अटाराचा जीव गलबलला. बापाचं नाव आता पुसलं जाणार! मग ती चिडली. आणि चिडावंच बाई अशा वेळी. डोंगराकडं तोंड करून तिनं हाक मारली, "यरीबा! यरीबाचा बाप मल्लूखा! मल्लूखाचा बाप योबाबा! योबाबाचा बाप एप्रोना! या रे! तुमचं घर विझतंय!"

मुलगे नावं घ्यायचे ती नुसती पाठ म्हणायचे. अशी हाक आजवर कुणी मारली नव्हती.

मग काय झालं! वारा पडला. कुत्री खाली बसली. आणि डोंगरावरून माणसं उतरू लागली. उंच उंच, अंगावर जुन्या लढायांची धूळ, आणि उन्हात सावली पडेना. पुढं यरीब. त्यानं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या खांद्यावर मल्लूखाचा हात. मल्लूखाच्या खांद्यावर योबाबाचा. सगळं नगर गुडघ्यावर आलं. गेरासुद्धा!

अटारानं दुसरा दगड सोडला. तो गेला केसाच्या दिशेनं सरळ, आणि केसाच्या अलीकडं वीतभर धपकन पडला.

तिनं मागं वळून पाहिलं. योबाबाच्या मागं एका माणसाची जागा रिकामी होती. जागेच्या पलीकडं एप्रोन उभा. सगळ्या घराण्याचा मूळपुरुष तो, हात पुढं करतोय, पण पोचत नाही.

अटारानं विचारलं, "पणजोबा, मधे कोण राहिलं?"

एवढा मोठा वीर योबाब, पण मान खाली घातली. म्हणाला, "एप्रोन माझा बाप नव्हे गं. तो माझ्या आईचा बाप. त्याला मुलगा नव्हता. खिंडीत शत्रू आला तेव्हा गोफण माझ्या आईनं चालवली. पण नावं सांगणाऱ्यांनी मलाच आजोबाचा मुलगा करून टाकलं. आईला गाळलं."

"आणि तू गप्प राहिलास?"

"राहिलो."

"नाव काय तिचं?"

"हेला."

अटारानं छाती भरून हाक मारली, "हेला! एप्रोनाची लेक हेला!"

आणि आली की ती! केस मोकळे, मनगटाला गोफणीच्या दोरीचे वळ. कुणाकडं बघितलंसुद्धा नाही तिनं. सरळ आपल्या जागेवर उभी राहिली. एक हात लेकाच्या खांद्यावर, दुसरा बापाच्या हातात. आणि वीज धावावी तसं बळ धावलं, एप्रोनापासून हेलात, हेलापासून पुढं, थेट अटाराच्या डाव्या मनगटात.

तिसरा दगड सुटला. कुणाला दिसलाच नाही. केस तेवढा तुटून वाऱ्यावर उडाला.

हासूमबाबा उठले. म्हणाले, "दिवा राहील. आणि यापुढं नावं पुरती घ्यायची. आयांची, लेकींची, सगळ्यांची."

मग वेशीतली पोरं घरोघर धावली. "आजी, आपल्यात कोण गाळलंय गं?" म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं. कुणी विचारलंच नव्हतं इतके दिवस! एकेक नाव निघालं, एकेक हाक गेली. आणि डोंगरावरून बायका उतरू लागल्या. कुणी कुऱ्हाड घेतलेली, कुणी मूल कडेवर, कुणी दोन्ही. सूर्य मावळेपर्यंत सगळा डोंगर भरून गेला.

पुढं अटारा सुखात नांदली, नगर सुखात नांदलं. तुमच्याही मागं असंच कुणी कुणी उभं आहे, बाळांनो. त्यांच्या भरवशावर मिटा डोळे. झोपा.